पक्षातीत फाटक

लोखंडाला गंज चढतो याला कोणताही राजकीय पक्ष जबाबदार नसतो, हे विधान जगातील प्रत्येक समंजस मनुष्य मान्य करील, असा निवृत्त पोस्टमास्तर स्ताथिस यांचा पंच्याऐंशी सालच्या मार्च महिन्यापर्यंत समज होता. त्यांचा जन्म कस्त्रोवुनी या गावातला आणि वय वर्षे एकसष्ट. तेव्हा असला समज बाळगण्याचा त्यांना वास्तविक काहीही अधिकार नव्हता. पण आयुष्यभर इतरांची पत्रे योग्य पत्त्यावर पोचविणाऱ्या मनुष्याला जगात सर्व काही योग्य पत्त्यावर पोचते असे वाटू लागते, आणि हा त्या खात्याचाच दोष आहे.

प्रश्न फाटकाचा होता. फाटक एक आणि घरे दोन. स्ताथिस यांचे सासरे, मासेमारीच्या होडीचे कप्तान, मरण्यापूर्वी मोठ्या न्यायबुद्धीने वाटण्या करून गेले होते. घराची उजवी बाजू मुलीला, म्हणजे एव्दोकियाबाईंना. डावी मुलाला, म्हणजे अर्गिरिसला. अंजिराच्या झाडाच्या फांद्यासुद्धा त्यांनी मोजून वाटल्या होत्या. फाटक तेवढे वाटायचे राहिले. लोखंडी, एकाच झडपेचे ते फाटक अंगणाच्या तोंडाशी उभे होते, आणि त्यातून स्ताथिस यांची टपालातली जुनी मित्रमंडळी येत, तसेच अर्गिरिसचे रोगीही येत. अर्गिरिस दातांचा डॉक्टर होता आणि त्याचा दवाखाना घरातच, तळमजल्यावर होता.

आता कस्त्रोवुनीच्या चौकात दोन कॉफीखाने समोरासमोर आहेत. उत्तरेकडच्या खुर्च्या निळ्या, दक्षिणेकडच्या हिरव्या. निळ्या पक्षाचा मनुष्य हिरव्या खुर्चीवर टेकत नाही, मग त्याचे गुडघे कितीही दुखोत. स्ताथिस निळे. अर्गिरिस हिरवा, इतका हिरवा की, पोस्टात निळ्याच शाईची दौत असते म्हणून मनीऑर्डरचा फॉर्म तो शिसपेन्सिलीने भरीत असे, आणि स्ताथिस तो नियमबाह्य म्हणून परत करीत. शिवाय अर्गिरिसला त्याच्या व्यवसायाने एक वाईट सवय लावली होती. रोग्याच्या तोंडात कापूस, आरसा आणि स्वतःची दोन बोटे घालून झाली की तो देशाच्या परिस्थितीवर बोलू लागे. वीस वर्षांत त्याला कोणी उलट उत्तर दिले नव्हते. आपली मते सर्वमान्य आहेत असे त्याला प्रामाणिकपणे वाटे.

मागच्या निवडणुकीनंतर हे मेहुणे-मेहुणे चौदा महिने एकमेकांशी बोलले नव्हते. सोंगट्या-फाशांचा तावली हा खेळ स्ताथिस रोज दुपारी अर्गिरिसबरोबरच खेळत. गावात त्यांच्या तोडीचा दुसरा खेळाडू नव्हता. त्या चौदा महिन्यांत ते उजव्या हाताने डाव्या हाताविरुद्ध खेळले. उजवा हात लबाडी करतो असे त्यांच्या लवकरच लक्षात आले, आणि त्यांनी खेळ बंद केला. त्या वर्षी ईस्टरला एकाच अंगणात दोन शेगड्या पेटल्या. सळईवरचे कोकरू पाच तास अखंड फिरवावे लागते आणि ते एका माणसाच्या दंडाचे काम नव्हे. दोन्ही कोकरी एका अंगाने जळाली आणि दुसऱ्या अंगाने कच्ची राहिली. अखेर नववर्षाच्या केकमध्ये शुभशकुन म्हणून लपवलेले नाणे नेमके त्या दोघांच्या तुकड्यांच्या मधोमध सुरीला लागले, आणि ते कुणाचे हे ठरविण्यासाठी त्यांना बोलणे भाग पडले. भांडणासाठी का होईना, तोंडे उघडली.

म्हणून यंदा, जूनच्या निवडणुकीचा प्रचार सुरू होण्याच्याही आधी, एव्दोकियाबाईंनी नवऱ्याला आणि भावाला स्वयंपाकघरात समोर बसवले.

"नीट ऐका दोघं. यंदा पुन्हा बोलायचं थांबलात, तर मी अंडी रंगवणार नाही, कोकरू आणणार नाही. सरळ मेलबर्नला थोरल्या लेकीकडे निघून जाईन."

"अगं, पण किती दिवस?" स्ताथिस म्हणाले.

"जायचं तिकीट मी काढीन. यायचं, तुम्ही दोघं बोलायला लागलात की तुम्ही काढा."

अर्गिरिस हसला. मग त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हसायचा थांबला.

स्ताथिस यांनी त्याच दिवशी सात कलमांचा तह लिहून काढला. घरात व अंगणात 'सरकार', 'परिवर्तन', 'देशोद्धार' हे शब्द उच्चारू नयेत. वर्तमानपत्र अंगणातून नेताना मथळा आतल्या बाजूस दुमडावा. निवडणुकीचा उल्लेख अपरिहार्य झाल्यास 'ते जूनमधलं' असा करावा, वगैरे. दोन प्रती झाल्या, दोघांच्या सह्या झाल्या. फाटकाविषयी त्यात एक अक्षर नव्हते. मोठमोठ्या तहांमध्ये असेच काहीतरी राहून जाते.

"अहो," मार्चअखेरीस एव्दोकियाबाई म्हणाल्या, "ते फाटक बघा कसं झालंय. ईस्टरच्या आत एक हात मारा त्याला."

स्ताथिस झाखारियाच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि रंगाचा डबा घेऊन आले. कोणता रंग, असे झाखारियाने विचारले तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता "समुद्राचा" असे सांगितले होते. त्यांच्या मनात खरोखरच समुद्र होता. ही गोष्ट पुढे त्यांनी अनेकांना शपथेवर सांगितली.

अर्गिरिस दोन रोग्यांच्या मधल्या वेळात अंगणात आला. डब्याच्या झाकणावरचा ठिपका त्याने पुष्कळ वेळ न्याहाळला.

"दाजी, हा समुद्र आपल्या बाजूचा नाही वाटत."

"समुद्राला बाजू नसते, अर्गिरिस."

"याला आहे. मी खुर्च्या बघितल्यात ना याच्या." तो अगदी सौम्यपणे म्हणाला, तह त्यालाही पाठ होता. "मी काय म्हणतो, ऑलिव्हच्या पानाचा रंग कसा वाटतो? निसर्गाचा रंग. डोळ्यांना गार."

"ऑलिव्हचं पान मी रोज खिडकीतून बघतो. ते करडं असतं. तू म्हणतोस तो रंग फक्त कॉफीखान्यात उगवतो."

"दोन्ही डबे परत!" खिडकीतून एव्दोकियाबाई ओरडल्या. दुसरा डबा अजून आलेलाही नव्हता, पण भावाला त्या जन्मापासून ओळखत होत्या.

मग बिनपक्षाचा रंग शोधायला सुरुवात झाली. वरवर पाहता हे काम सोपे वाटते. सृष्टीत रंग असंख्य आहेत आणि कस्त्रोवुनीतले पक्ष फार तर तीन. परंतु गल्लीतला प्रत्येक जण सल्ला देऊ लागला, आणि सल्ल्यागणिक सृष्टीतला एकेक रंग कमी होत गेला. करडा म्हणावा, तर तो युद्धनौकांचा, आणि त्यावरून लष्करशहांची सात वर्षे लोकांना आठवली असती. काळा लावला, तर घरात कोणी गेले असे समजून शेजारीण उकडलेल्या गव्हाचे ताट घेऊन आली असती. पिवळ्याला झाखारियानेच विरोध केला.

"पोस्टमास्तर, पिवळा म्हणजे संपफोड्यांचा. माझ्या दुकानातून तो डबा गेला असं कुणाला कळलं, तर माझंच दुकान पिवळं पडेल."

"मग तूच सांग, माणसानं फाटक रंगवायचं तरी कशानं?"

"आधी रेडऑक्साइडचा एक हात मारून घ्या," झाखारिया म्हणाला. "गंज तरी थांबेल. वरचा रंग मग सावकाश ठरवा."

सल्ला शास्त्रशुद्ध होता. गंजलेल्या लोखंडावर आधी रेडऑक्साइड लावतात हे कोणताही रंगारी सांगेल. दोघा मेहुण्यांनी रविवारी बाह्या सरसावल्या, वायर ब्रशने वरवरचा गंज काढला आणि गुण्यागोविंदाने एकेक ब्रश घेऊन फाटक रंगवून टाकले. काम सुंदर झाले. संध्याकाळी दोघे हातात उझो या बडीशेपेच्या दारूचे पेले घेऊन आपल्या कामाकडे पाहत उभे राहिले तेव्हा मावळता सूर्य फाटकावर पडला होता, आणि फाटक पेटल्यासारखे लालभडक दिसत होते.

दोघांच्याही तोंडचा घोट तोंडातच राहिला.

सोमवारी सकाळी फोतिस चांभार फाटकाशी हजर. कस्त्रोवुनीत कम्युनिस्टांची मते अकरा. त्यांचा पुढारी, चिटणीस आणि चपलांचा दुरुस्तकर्ता फोतिसच. त्याच्या कोटाच्या काजात लाल फूल होते आणि डोळ्यांत पाणी.

"पोस्टमास्तर! तुम्ही! चाळीस वर्षं मी वाट बघितली, पण तुम्ही! आणि डॉक्टरही!"

"फोतिस, हे रेडऑक्साइड आहे."

"असंच म्हणायचं," फोतिसने डोळा मिचकावला. "आम्हीही पन्नास साली, पक्षावर बंदी असताना, असंच म्हणायचो." आणि त्याने ते फूल फाटकाच्या गजात खोचले.

दुपारी स्ताथिस निळ्या कॉफीखान्यात गेले. कॉफी आली. तिच्याबरोबर पाण्याचा पेला आला नाही. ज्याने आयुष्यात कधी तिथली कॉफी प्यायली नाही, त्याला यातला अपमान कळणार नाही. कॉफीबरोबर पाणी मिळत नाही ते फक्त जप्तीच्या बेलिफाला. स्ताथिस यांनी ती कॉफी घोटाघोटाने, मान ताठ ठेवून, तळाच्या गाळापर्यंत प्यायली. ठसका लागला तरी पाणी मागितले नाही. तिकडे अर्गिरिसच्या चार रोग्यांनी दाढदुखी अचानक बरी झाल्याचे कळवले.

"पांढरा," त्या रात्री जेवताना एव्दोकियाबाई म्हणाल्या. "पांढरा कुणाचाच नाही. चर्चच्या भिंतीसारखा."

हे ऐकून स्ताथिस यांना आपण एका विदुषीशी लग्न केल्याची जाणीव झाली. पण झाखारियाकडून पांढरा डबा आणल्याची वार्ता त्यांच्याआधी चौकात पोचली होती. मंगळवारी संध्याकाळी निळ्या समितीचे अध्यक्ष गल्लीच्या एका टोकाने आणि हिरव्या समितीचे अध्यक्ष दुसऱ्या टोकाने आले, आणि फाटकाशी एकमेकांवर आदळले.

"पोस्टमास्तर, तुम्ही जूनमध्ये कोरी मतपत्रिका टाकणार म्हणे," निळे अध्यक्ष म्हणाले.

"डॉक्टर, कोरी मतपत्रिका म्हणजे मतदारांचा विश्वासघात," हिरवे अध्यक्ष म्हणाले.

"बरोबर बोलतायत ते," निळे अध्यक्ष म्हणाले, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन स्वतःच दचकले.

दोन्ही पक्षांचे एकमत होण्याचा कस्त्रोवुनीच्या इतिहासातला हा पहिला प्रसंग, आणि तो स्ताथिस यांच्या फाटकाविरुद्ध घडला. पांढरा डबा कोठीत गेला.

इथवर प्रकरण केवळ समाजाचे होते. बुधवारी त्यात सरकार शिरले. नगरपालिकेच्या बांधकाम विभागातले कारकून पाफसानियास काखेत फाईल घेऊन आले आणि फाटकासमोर उभे राहून त्यांनी खेदाने मान हलवली.

"पोस्टमास्तर, आपलं गाव पारंपरिक वसाहत म्हणून जाहीर झालंय, हे तुम्हाला ठाऊकच असेल. परिपत्रक तुमच्याच पोस्टातून आलं होतं."

"मी परिपत्रकं पोचवायचो, पाफसानियास. फोडून वाचायचो नाही."

"मग आता ऐका. दर्शनी लोखंडकामाला परवानगी असलेले रंग दोन. समुद्री निळा आणि सरूच्या झाडाचा हिरवा."

"तपकिरी?" अर्गिरिसने आशेने विचारले.

"तपकिरी होता. नव्या परिपत्रकातून वगळला."

"का?"

"कुणी मागतच नव्हतं."

अर्ज तीन प्रतींत करायचा, तो जिल्ह्याच्या कचेरीत जाणार, आणि कचेरी आता ईस्टरनंतरच उघडणार. तोवर हा लाल रंग ठेवणे हा गुन्हा. पण पाफसानियास मनाने वाईट नव्हते. स्ताथिस यांनी त्यांची प्रेमपत्रे ऐन तारुण्यात वेळेवर पोचवली होती. त्यांनी आवाज खाली आणला.

"एक वाट आहे. कलम अकरा. फाटक मूळ रंगावर आणत असाल, तर परवानगी लागत नाही. दोन्ही घरांच्या कर्त्यांनी फक्त लिहून द्यायचं, मूळ रंग अमुक होता म्हणून. दोघांच्या सह्या. झालं."

"एवढंच?" स्ताथिस आनंदाने म्हणाले. "मग निळाच होता की!"

"हिरवा होता," त्याच क्षणी अर्गिरिस म्हणाला.

पाफसानियास यांनी फाईल बंद केली आणि पुन्हा येतो म्हणून पाय काढता घेतला. सरकारी माणसाला वादळाचा वास सगळ्यांच्या आधी येतो.

पवित्र गुरुवारी दुपारी फाटक बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणात दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवण्यात आले. खरवडून पाहू, पुरावा बोलेल, असे स्ताथिस म्हणाले. पुराव्यावर त्यांचा फार विश्वास. आत एव्दोकियाबाई अंडी लाल रंगात उकळत होत्या आणि बाहेर हे दोघे पत्र्याने लाल रंग खरवडीत होते. त्याखाली निघाला हिरवा.

"बघा!" अर्गिरिस म्हणाला.

त्याखाली निळा.

"बघ!" स्ताथिस म्हणाले.

त्याखाली पुन्हा हिरवा, मग निळा, मग कुठे हिरवट निळा. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे ते फाटक पक्ष बदलीत चालले. एका कोपऱ्यात ते सहा थर खाली गेले आणि लोखंडाला लागले. पुरावा बोलला होता, पण दोन्हीकडून.

"माझ्या साखरपुड्याच्या दिवशी हे फाटक निळं होतं," स्ताथिस म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"दाजी, या फाटकावर झोके घेत मी लहानाचा मोठा झालो. हिरवं होतं."

"तू तेव्हा पोर होतास."

"आणि तुम्ही तेव्हा पाहुणे होता!"

आता पाहुणा हा शब्द वाईट नाही. परंतु एकतीस वर्षे एका अंगणात राहिलेल्या, त्या अंगणातल्या अंजिराला पाणी घातलेल्या, कप्तानांच्या शेवटच्या आजारात रात्री जागलेल्या माणसाला तो ऐकवला, तर तो शिवीपेक्षा खोल जातो. स्ताथिस यांच्या हातातला पत्रा खाली पडला. तहाची सातही कलमे त्यांना पाठ होती, आणि ती सातही त्यांनी एका दमात मोडली.

"तुमच्या सरकारला इतिहास रंगवायची सवयच आहे. परिवर्तन म्हणे!"

"आणि तुमच्या देशोद्धारकांना तो पुसायची!"

दारात एव्दोकियाबाई उभ्या होत्या. अंड्यांच्या रंगाने त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते. त्या आत गेल्या, हात धुतले, कपाटावरची सुटकेस खाली काढली आणि पलंगावर उघडून ठेवली. तिच्या कड्यांचा खट-खट असा आवाज अंगणात स्पष्ट ऐकू आला.

गुड फ्रायडेला घरात कोणी कोणाशी बोलले नाही. दुपारी रिवाजाप्रमाणे जेवायला व्हिनेगर घातलेली मसुराची आमटी होती. सुटकेसमध्ये एव्हाना लोकरीचे कपडे जमले होते. मेलबर्नला आता हिवाळा येणार, हे स्ताथिस यांना नकाशावरून ठाऊक होते. त्यांनी मान खाली घालून एक घास घेतला, आणि मसुरात खडा निघाला. तो त्यांना त्यांच्या उजव्या दाढेने सांगितला.

ती रात्र त्यांनी लवंग धरून काढली. मागच्या अबोल्यातही अशीच दाढ दुखली होती, तेव्हा ते दोन तास बसने जिल्ह्याच्या गावी गेले होते. पण शनिवारी बस नव्हती, आणि असती तरी तिकडचा डॉक्टर कोकरू आणायला गेला असता.

"एव्दोकिया," ते गाल धरून म्हणाले, "जरा त्याला विचारतेस का—"

"मला वेळ नाही. मी भरतेय." सुटकेसमधून डोके वर न काढता त्या म्हणाल्या. "अकरा पावलं आहेत. मोजलीत मी."

अकराच होती. स्ताथिस यांनी तीही मोजली. आडव्या पडलेल्या फाटकाला वळसा घालावा लागला म्हणून बारा झाली.

अर्गिरिसने दार उघडले, सुजलेला गाल पाहिला आणि खुर्चीकडे हात केला. आरसा आत गेला. इंजेक्शन टोचले. कापसाचे दोन बोळे गालाशी बसले. आता औषध भिनेपर्यंत दहा मिनिटे थांबायचे. हीच ती दहा मिनिटे. याच दहा मिनिटांत वीस वर्षे सबंध कस्त्रोवुनीने अर्गिरिसची मते ऐकून घेतली होती. स्ताथिस यांनी डोळे मिटले आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. दाढेपेक्षा त्यांना या भाषणाचेच भय वाटत होते.

"आता असं बघा, दाजी," अर्गिरिसने सुरुवात केली.

आणि थांबला.

स्ताथिस यांनी एक डोळा उघडला. अर्गिरिस खिडकीतून बाहेर पाहत होता. जिथे फाटक होते तिथे आता नुसती रिकामी चौकट होती, आणि वरच्या खोलीतून सुटकेसची कडी एकदा खट्ट वाजली. अर्गिरिस वळला. त्याने चिमट्याने एक बोळा काढला, मग दुसरा काढला, आरसा ताटलीत ठेवला, आणि स्टूल ओढून स्ताथिस यांच्यासमोर बसला. वीस वर्षांत असे कधी घडले नव्हते.

"बोला," तो म्हणाला. "तुमचं काय म्हणणं आहे?"

स्ताथिस यांच्यापाशी गेल्या चार वर्षांपासून उत्तर तयार होते. त्यात मुद्दे होते, पोटमुद्दे होते, आकडेवारी होती. पण जीभ अर्धी बधिर झालेल्या माणसाला पोटमुद्दे मांडता येत नाहीत. त्यांना एकच गोष्ट सुचली आणि तीही धड बोलता आली नाही.

"ओला होता," ते म्हणाले.

"काय ओला होता?"

"रंग. फाटकाचा. साखरपुड्याला आलो, तर हाताला लागला. निळा. कप्तान हसले. म्हणाले, आता पळून जाता यायचं नाही, शिक्का बसला." त्यांनी श्वास घेतला. "तो रुमाल आहे अजून. हवा तर दाखवतो. पुरावा आहे."

अर्गिरिस पुढे झुकला.

"ओला होता? नक्की?"

"नवा सूट होता माझा. नक्की."

"मी तेव्हा सैन्यात होतो," अर्गिरिस हळूहळू म्हणाला. "जाताना हिरवं होतं. सुटीवर आलो तेव्हा… तेव्हा मी लक्षच दिलं नाही बहुतेक. म्हणजे बाबांनी त्याच आठवड्यात लावला. तुम्ही येणार म्हणून." तो एकदम हसू लागला. "आणि रंग कुठला, तर होडीचा उरलेला! दाजी, ते दर वर्षी होडी रंगवायचे आणि उरेल तो फाटकाला फासायचे. झाखारियाचा बाप जो डबा स्वस्त देईल तो. म्हाताऱ्याला पक्षच नव्हता! होडी बुडू नये एवढंच त्याचं मत!"

स्ताथिस हसले, म्हणजे त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

"म्हणजे तू म्हणतोस तेही खरं," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणता तेही. आपण निरनिराळ्या वर्षांत आत आलो, एवढंच." अर्गिरिसने ताटलीतला चिमटा उचलला, आणि त्याच्याचकडे बघत म्हणाला, "पाहुणे म्हणालो ते चुकलं माझं. तोंड उघडा."

दाढ निघाली. ती निघत असताना, सरकारबाबत मात्र स्ताथिस यांचे साफ चुकते हे अर्गिरिसने त्यांना सांगितलेच. स्ताथिस यांनी बोट वर केले. अर्गिरिस थांबला, हत्यार बाहेर काढले, आणि स्ताथिस यांनी अर्ध्या जिभेने आपला पहिला मुद्दा मांडला. मग पुन्हा तोंड उघडले. असे चार वेळा झाले. जे काम पाव तासाचे, त्याला सव्वा तास लागला. पुढे हीच पद्धत तहाचे आठवे कलम म्हणून लिहिली गेली आणि अर्गिरिसने ती सर्व रोग्यांना लागू केली. त्याचा धंदा त्यामुळे थोडा मंदावला, पण आपल्या गावात किती निरनिराळी मते आहेत हे त्याला पहिल्यांदाच कळले.

एका गालाने हसत स्ताथिस घरी आले तेव्हा सुटकेस पुरती भरलेली होती. एव्दोकियाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, त्याच्यामागे उभ्या असलेल्या भावाकडे पाहिले.

"बोललात?"

"सव्वा तास, ताई," अर्गिरिस म्हणाला. "पटलं मात्र काही नाही."

"पटायला कोण सांगतंय! चला, ही रिकामी करा आणि वर ठेवा. दोघं मिळून. मला उचलवत नाही."

ईस्टरच्या सकाळी फाटक घोड्यांवर तसेच आडवे होते. खरवडलेले, डागाळलेले, सहा थरांचे. त्याला आता लावायला रंग नव्हता, परवानगी नव्हती, आणि वेळही नव्हता. एव्दोकियाबाईंनी त्यावर पांढरी चादर अंथरली आणि लाल अंड्यांची परडी मधोमध ठेवली. एवढे लांब टेबल त्या अंगणाला कधी मिळाले नव्हते.

रिकाम्या चौकटीतून लोक येत राहिले. फाटकच नसल्यामुळे आपण कोणत्या रंगातून आत आलो, याचा कोणालाच हिशेब द्यावा लागत नव्हता. निळे अध्यक्ष आले, हिरवे अध्यक्ष आले. दोघांनी रिवाजाप्रमाणे अंड्यावर अंडे आपटले, आणि कुणाचे आधी तडकले यावर जरा वाद झाला. फोतिसने चादरीचा कोपरा उचलून खाली लाल रंग अजून आहे याची खात्री करून घेतली आणि समाधानाने आपली खुर्ची त्याच कोपऱ्याशी ओढली. दुपारी पाफसानियासही आले. त्यांच्या एका हातात फाईल होती. दुसऱ्या हातात कोणीतरी कोकराच्या बरगडीचा तुकडा दिला. मग त्यांनी फॉर्मवर तेलकट बोटांनी लिहिले : 'फाटक : सद्यस्थितीत नाही. रंग : लागू नाही.' आणि सही केली.

शेगडीशी दोघे मेहुणे बसले होते. सळईचे एक टोक स्ताथिस यांच्या हातात, दुसरे अर्गिरिसच्या. कोकरू सगळीकडून सारखे तांबूस होत होते.

"अहो, पण फाटक रंगवणार तरी कधी?" एव्दोकियाबाईंनी विचारले.

"ते जूनमधलं होऊन जाऊ दे," दोघे एकदम म्हणाले.

"जूनमध्ये कोण निवडून येणार, ते तरी ठरलंय का तुमचं?" फोतिसने मुद्दाम काडी टाकली.

स्ताथिस यांनी बोट वर केले. अर्गिरिसनेही केले. दोघे एकमेकांकडे वळले, दोघांची तोंडे एकाच वेळी उघडली, आणि सळई थांबली.

"बोला, काय बोलायचं ते बोला," एव्दोकियाबाई त्यांच्या डोक्यावर उभ्या राहून म्हणाल्या. "पण हात थांबवू नका. एक बाजू जळेल."

सळई पुन्हा फिरू लागली.